सकाळचा ठकठकाट: जास्त चाललेल्या गाडीचा आवाज कसा ओळखायचा आणि ऑइल कुठलं घालायचं

गेल्या डिसेंबरात माझी गाडी सोसायटीला माझ्याआधी उठवायला लागली. २०११ सालची पेट्रोल हॅचबॅक, एक लाख बहात्तर हजार किलोमीटर झालेली, कोथरूडमध्ये बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये उभी. सेल्फ मारला की आधी चार सेकंद 'खर्रर्र', मग दोन-तीन मिनिटं 'टकटकटक', आणि मग एकदम शहाण्यासारखी शांत. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंसुद्धा, "अहो, डिझेल घेतली का?"

एका गॅरेजमध्ये दाखवली. दुपारी साडेबाराला, ऊन तापलेलं असताना, मी सिंहगड रोडच्या गर्दीतून तासभर चालवत नेलेली गाडी. त्यांनी बॉनेट उघडलं, दोनदा रेस दिली आणि सांगितलं, "नॉकिंग आहे सर. हाफ इंजिन, म्हणजे इंजिन अर्धं खोलून काम, काढावं लागेल. पन्नास हजार धरून चाला." सकाळच्या थंड आवाजाचं निदान दुपारच्या गरम इंजिनवर झालं होतं. तिथून निघालो आणि ठरवलं की आवाज स्वतः नीट ऐकल्याशिवाय कुणालाच पैसे द्यायचे नाहीत. शेवटी माझं काम एक फिल्टर, एक कॅन ऑइल आणि बऱ्याचशा कान देण्यात भागलं. सगळ्यांचं तसं भागेल असं नाही. पण निदानाचा क्रम तोच राहील, तो इथे सविस्तर देतो.

आधी 'नॉकिंग' या शब्दाचं काय ते मिटवू

आपल्याकडे इंजिनमधून येणाऱ्या कुठल्याही आवाजाला नॉकिंग म्हणतात. खरं तर त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक पेट्रोल चुकीच्या वेळी पेट घेतं तो आवाज. कात्रजचा घाट चौथ्या गिअरमध्ये, कमी वेगात, पाय दाबून चढलात की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा 'खणखण' येतो तो. तो गरम इंजिनवर आणि ओझ्याखाली येतो. दुसरा आवाज म्हणजे धातू धातूवर आपटल्याचा, आणि पहाटे उभ्या गाडीत ऐकू येतो तो बहुतेक वेळा हाच. म्हणून सकाळच्या टकटकीवर उपाय म्हणून महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरणाऱ्यांचे पैसे वाया जातात. डिझेलवाल्यांना एक सवलत: थंडीत पहिला मिनिटभर डिझेल इंजिन जरा कडक वाजतं, कारण थंड सिलिंडरमध्ये इंधन पेटायला किंचित उशीर होतो आणि मग ते एकदम भडकतं. ते वयाचं लक्षण नाही. कालपर्यंत नव्हतं आणि आज आहे, तर मात्र ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारे) आणि इंजेक्टर (इंधन फवारणारे) तपासा.

दुसरी गोष्ट पुण्याची. परदेशातले व्हिडिओ बघून आपण थंडीला दोष देतो. तिथे उणे वीस अंशात ऑइल मधासारखं होतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास असतो, पाषाण-एनडीएकडे आणखी दोन-तीन अंश खाली. एवढ्या थंडीने योग्य ऑइल घट्ट होऊन अडत नाही. आपल्याकडे 'कोल्ड स्टार्ट' म्हणजे मुख्यतः रात्रभर उभी गाडी: आठ तासांत ऑइल वरच्या भागातून निथळून खाली चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) आलेलं आणि धातू आकसून फटी जरा मोठ्या झालेल्या. त्यामुळे हा आवाज मे महिन्यातही येऊ शकतो. मे महिन्यातही येत असेल तर ते निदानाला उपयोगीच आहे. थंडीला दोष द्यायची सोय राहत नाही.

आदल्या रात्रीची तयारी

गाडी सपाट जागेवर लावा. रॅम्पवर नाक वर करून उभी केलेली गाडी डिपस्टिकही (ऑइलची पातळी बघायची काठी) खोटी दाखवते आणि ऑइलही वेगळं निथळवते. सकाळी, सुरू करण्याआधी, डिपस्टिक पुसून परत घालून पातळी बघा. खालच्या खुणेच्या आसपास असेल तर निदान तिथेच थांबवा. मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच ऑइल घालून पातळी वर आणा आणि पुढचे तीन दिवस सकाळी पुन्हा ऐका. एकट्या कमी ऑइलने टायमिंग चेन आणि व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट दोन्ही वाजतात, आणि ही गोष्ट लोक सगळ्यात शेवटी बघतात. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल आणि काठीला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइलमध्ये इंधन उतरलंय. रोज कोथरूड ते डेक्कन एवढंच फिरणाऱ्या गाडीत हे होतं. इंजिन पुरेसं तापतच नाही, त्यामुळे आत गेलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जात नाही. ऑइल भरायच्या झाकणाखाली फिकट पिवळसर साय दिसली तर तेही त्याच पाण्याचं. पण गाडी रोज तासभर चालत असूनही साय दिसली आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगचा) संशय घ्या.

आता माणूस जमवा. घरातलं कुणी सेल्फ मारणार, तुम्ही बॉनेट उघडून मोबाइल घेऊन उभे. हँडब्रेक, न्यूट्रल, ओढणी किंवा मफलर बाजूला. पंखा कधीही फिरू शकतो. बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन मिनिटभराच्या वर चालू ठेवू नका, धूर जीवघेणा असतो. बाहेर काढून मगच पुढचं. तीन सकाळी तीन रेकॉर्डिंग करा: एक वरून, एक पुढच्या चाकाच्या बाजूने खालून, एक सायलेन्सरच्या टोकाशी. रेकॉर्डिंगचा फायदा असा की आवाज किती सेकंद टिकला हे कान विसरतो, मोबाइल विसरत नाही. माझ्या बायकोने पहिल्या दिवशी सांगितलं, "दहा-पंधरा सेकंद असेल." रेकॉर्डिंगमध्ये चार निघाले.

आवाजाचं घड्याळ

निदानात सगळ्यात जास्त माहिती आवाज कसा आहे यापेक्षा तो किती वेळ राहतो यात असते. आपल्या भाषेत आवाजांना शब्द भरपूर आहेत, ते मेकॅनिकसमोर वापरा. 'नॉकिंग' म्हणू नका. 'खर्रर्र', 'टिकटिक', 'ठकठक' म्हणा आणि सोबत सेकंद सांगा.

एक ते तीन सेकंद 'खर्रर्र' किंवा 'खडखड', सुरू होताच, आणि मग एकदम गायब: टायमिंग चेन, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ राखणारी साखळी. चेन ताणून धरणारा टेन्शनर बऱ्याच गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालतो. रात्री दाब गेला, चेन ढिली पडली, सकाळी दाब येईपर्यंत ती आवरणावर घासते. व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी यंत्रणा) असलेल्या इंजिनात कॅमच्या टोकाशी असलेली व्हीव्हीटी पुलीसुद्धा अशीच वाजते. जास्त चाललेल्या गाडीत एखादा सेकंद चालून जाईल. पण हा आवाज आठवड्यागणिक लांबत असेल, किंवा चेक इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर कॅम-क्रँकचा मेळ बसत नसल्याचा कोड, सहसा पी००१६, येत असेल, तर चेन ताणली आहे असं धरून चाला. त्यावर ऑइल हा इलाज नाही. चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि तेव्हा पन्नास हजारांत भागत नाही. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन पुण्यात शेकडो स्विफ्ट, व्हिस्टा आणि पुंटोमध्ये अजून धावतंय. तेही चेनवर चालतं आणि या वयात त्याची चेन ऐकून ठेवणं शहाणपणाचं.

पाच-दहा सेकंद ते मिनिटभर 'टिकटिक', वरच्या बाजूने, शिलाई मशीनसारखी: टॅपेट. काही इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात, ऑइल भरलं की ते फट आपोआप घेतात. रात्री रिकामे झाले की सकाळी भरेपर्यंत वाजतात. काही इंजिनांत मेकॅनिकल टॅपेट असतात. त्यांची फट मोजून बसवावी लागते आणि ते गरम झाल्यावरही थोडे वाजतच राहतात. सीएनजीवाल्यांसाठी एक टीप: सीएनजीवर व्हॉल्व्हच्या सीट झिजतात आणि फट उलट कमी होत जाते. म्हणून मेकॅनिकल टॅपेटची सीएनजी गाडी पूर्वीपेक्षा शांत झाली म्हणून खूश होऊ नका. फट संपली की व्हॉल्व्ह जळतो.

दोन ते दहा मिनिटं, तापेपर्यंत, 'टकटक', पोकळ, लाकडावर मारल्यासारखी: पिस्टन स्लॅप. पिस्टनचा खालचा घेर आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांत झिजेने फट वाढली की थंड पिस्टन दोन्ही बाजूंना आदळतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगला की फट भरते, आवाज जातो. ऐकायला भयंकर, पण दहा मिनिटांत पूर्ण जात असेल आणि गाडी ऑइल फार पीत नसेल, तर असं इंजिन वर्षानुवर्षं चालतं.

थंडीत हलकी 'टिकटिक-फुसफुस' आणि तापल्यावर गप्प: एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची) पॅकिंग. धातू फुगून फट बंद होते. मॅनिफोल्डच्या जोडाजवळ काळी काजळी दिसली की ओळखा. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण हा आवाज ऐकायला टॅपेटसारखा लागतो. अशा गाडीचे टॅपेट तपासले जातात, ऑइल बदललं जातं आणि टिकटिक जागच्या जागी राहते.

आणि शेवटचा, घाबरायचा: तापल्यावर वाढणारी, जड 'ठक-ठक', खालून येणारी. हे बिगएंड बेअरिंग, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथलं. ऑइल गरम होऊन पातळ झालं की बेअरिंगच्या फटीतली गादी कमी होते आणि आवाज वाढतो. हलक्या पायाने दोन हजार ते अडीच हजार आरपीएमला धरा आणि एकदम सोडा. सोडताना दोन-तीन ठोके स्पष्ट ऐकू आले, तर गाडी बंद करा आणि टो करून न्या. थंडीत जास्त आणि गरम झाल्यावर कमी होणारा आवाज सहसा बेअरिंगचा नसतो. गरमीत वाढणारा बहुतेक वेळा असतो. गॅरेजच्या माणसाने मला जे विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही, ते हेच.

कान लावण्याची पद्धत

डॉक्टरचा स्टेथोस्कोप नको. लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो: मूठ कानामागच्या हाडाला, टोक धातूवर. हलत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब. आधी हेडच्या झाकणावर, मग चेनच्या झाकणावर, मग ब्लॉकच्या मधोमध, मग खाली चेंबरच्या कडेला. आवाज जिथे कानात घुसतो तिथे त्याचं मूळ. पहिल्यांदा सगळीकडे सारखंच ऐकू येतं. चार-पाच वेळा फिरवून मग फरक कळायला लागतो. बायकोचा मफलर वापरून मी दुसरा कान बंद केला, त्याने फरक पडला.

त्याआधी दोन स्वस्त चाचण्या. आवाज चालू असताना क्लच पूर्ण दाबा. बदलला किंवा गेला तर गडबड गिअरबॉक्स किंवा क्लचच्या बाजूला आहे, इंजिन निर्दोष सुटलं. दुसरी, बाहेरचा पट्टा काढून पंधरा-वीस सेकंद सुरू करा. आवाज गेला तर अल्टरनेटर, एसी किंवा आयडलर पुलीचं बेअरिंग. सायलेन्सरवरचा पत्र्याचा हीट शिल्डही विसरू नका. तो एका ठराविक रेसला झणझणतो आणि लाकडाने टोचल्यावर गप्प बसतो. मी एका मित्राच्या गाडीचं 'इंजिनकाम' या काठीने वाचवलंय.

पेट्रोल गाडीत आणखी एक करता येतं: एकेक सिलिंडर बंद पाडणं. इंजिन बंद करून एका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा, मग सुरू करून ऐका. ठिणगी देणारी कॉइल काढण्यापेक्षा हे बरं, कारण न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात नाही. चेक इंजिनचा दिवा लागेल, नंतर जाईल. एखाद्या सिलिंडरला आवाज मऊ झाला तर तो त्याच्या पिस्टन किंवा रॉडचा. काहीच फरक पडला नाही तर टॅपेट किंवा चेन. पण पिस्टन स्लॅप आणि बिगएंड दोन्ही असे मऊ होतात, म्हणून एकट्या या चाचणीवर 'हाफ इंजिन' ठरवू नका. घड्याळाशी जोडून बघा. डिझेलच्या कॉमन रेल इंजेक्टरचे कनेक्टर इंजिन चालू असताना काढणं टाळा. तिथे व्होल्टेज घातक असतं, ते काम स्कॅनरने करवून घ्या.

ऑइल आणि फिल्टरकडून पुरावा घ्या

पुढचं ऑइल बदलताना जुनं नुसतं गटारात किंवा कॅनमध्ये ओतू देऊ नका. स्वच्छ ट्रेमध्ये काढा, टॉर्चने बघा, एक चुंबक बुडवून फिरवा. चुंबकाला काळी बारीक लेप लागणं नेहमीचं, कण लागले तर लोखंडी झीज. चुंबकाला न लागणारी चांदीसारखी किंवा तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंगचं साहित्य निघतंय. फिल्टर करवतीने कापून त्याच्या घड्या पसरवून बघा, तिथे सगळं स्पष्ट दिसतं. फिल्टरचा डबा कापायला दहा मिनिटं लागतात, आणि मेकॅनिक तुमच्याकडे वेड्यासारखं बघतो, तेवढं सहन करा.

फिल्टरबद्दल जरा जास्तच सांगतो, कारण माझा गुन्हेगार तिथेच होता. ज्या गाडीत फिल्टर आडवा किंवा उलटा बसतो त्यात एक रबरी पडदा असतो, ऑइल निथळून परत जाऊ नये म्हणून. तो कडक पडला किंवा स्वस्त फिल्टरमध्ये नीट बसला नाही, तर सकाळी फिल्टर रिकामा. पंपाला आधी तो भरावा लागतो, मग दाब वर जातो. त्या चार सेकंदांत चेन खर्रर्र करत राहते. माझी रात्रभर उभी गाडी तशीच ठेवून फिल्टर खोलला, तर त्यातून चहाचा अर्धा कपसुद्धा ऑइल निघालं नाही. नाना पेठेत मूळ कंपनीचा फिल्टर घेतला. आधीच्याशी किमतीचा फरक शंभर रुपयांच्या आत होता. फिल्टर सरळ खाली तोंड वर करून लटकणारा असेल तर हा प्रश्न तुम्हाला येत नाही.

आता दाब. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा विझला म्हणजे दाब चांगला आहे असं नाही. बहुतेक गाड्यांत त्याचा स्विच अर्ध्या बारच्याही (बार हे दाबाचं एकक) खाली विझतो. खरा दाब मोजायला तो स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावावा लागतो. चांगल्या गॅरेजकडे असतो. गरम इंजिनवर आयडलला (रेस न देता) एक बारच्या आसपास आणि तीन हजार आरपीएमला दोन बारच्या वर हा ढोबळ नियम, बाकी तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलचा आकडा खरा. थंडीतला दाब नेहमी जास्तच दिसतो, तो बघून खूश होऊ नका. माझ्या गाडीला गरम आयडलला १.१ बार मिळाला. बिगएंडचा प्रश्न तिथेच जवळजवळ संपला.

मग ऑइल कुठलं?

माझ्या गाडीत आधीच्या गॅरेजने २०डब्ल्यू-५० घातलं होतं. "गाडी जुनी, जाड ऑइल टाकलं की आवाज बसतो." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. टॅपेटचा आणि पिस्टनचा आवाज जाड ऑइलने थोडा दबतो, हे खरं आहे. पण नुसता दबतो. बाटलीवरचे दोन आकडे काय सांगतात बघा. 'डब्ल्यू'आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा शंभर अंशाला गरम झाल्यावरचा. ५डब्ल्यू-चं ऑइल उणे तीस अंशाला इंजिन फिरू देतं, १५डब्ल्यू उणे वीसला, २०डब्ल्यू उणे पंधराला. पुण्यात पारा शून्यालाही जात नाही, त्यामुळे यातलं कुठलंही ऑइल आपल्याकडे गोठत नाही. फरक घट्टपणात आहे. ४० अंशाला ५डब्ल्यू-३० ची जाडी साधारण ६० ते ७० सेंटिस्टोक (ऑइलच्या जाडीचं एकक), १५डब्ल्यू-४० ची शंभरच्या थोडी वर आणि २०डब्ल्यू-५० ची दीडशेच्या वर. दहा अंशाला हे अंतर आणखी वाढतं. लहान छिद्रांतून चालणारा चेन टेन्शनर, व्हीव्हीटी आणि हायड्रॉलिक टॅपेट यांना सकाळी जाड ऑइल उशिरा मिळतं. म्हणजे ज्या आवाजासाठी जाड ऑइल टाकलं, त्यातला चेनचा भाग त्यानेच लांबतो.

माझा क्रम असा. मॅन्युअल काढा आणि तिथे दिलेली ग्रेड ही सुरुवात माना. बऱ्याच भारतीय मॅन्युअलमध्ये तापमानाची पट्टी असते, त्यात एकापेक्षा जास्त ग्रेड दिलेल्या असतात, त्यामुळे पुढे सरकायला जागा असते. नवा मूळ फिल्टर आणि मॅन्युअलची ग्रेड घालून हजार किलोमीटर चालवा. मग पुन्हा रेकॉर्ड करा आणि डिपस्टिकवर किती कमी झालं ते मोजा. वरच्या खुणेपर्यंत भरून सुरू करा, परत भरायला किती मिलिलिटर लागलं ते लिहा, अंदाज नको. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त जात असेल, किंवा गरम आयडलचा दाब काठावर असेल, तरच दुसऱ्या आकड्याने एक पायरी वर जा: ०डब्ल्यू-२० असेल तर ५डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-३० असेल तर ५डब्ल्यू-४०. 'डब्ल्यू'आधीचा आकडा शक्यतो कमीच ठेवा. एकदम २०डब्ल्यू-५० वर उडी मारायचं कारण मला आजवर पटलेलं नाही. उन्हाळ्यात एसी लावून खंबाटकी चढणाऱ्यांना ४० चा आधार बरा वाटतो, एवढंच.

ग्रेडनंतर दर्जा. पेट्रोलसाठी एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) 'एस' वर्गातलं पुढचं अक्षर मागच्यांची जागा घेतं. २०१० चं एसएन, २०२० चं एसपी. २०११ च्या गाडीला एसएम किंवा एसएल लिहिलं असलं तरी एसपी बेधडक चालतं. मल्टिजेटसारख्या जुन्या बीएस३-बीएस४ डिझेलला मॅन्युअलमधला वर्ग बघा. बीएस६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो, त्याला कमी राखेचं ऑइल लागतं आणि तिथे चुकलात तर फिल्टर गच्च होतो, तो खर्च ऑइलपेक्षा कितीतरी मोठा.

फुल सिंथेटिक घ्या असं मी म्हणेन. जुन्या इंजिनला सिंथेटिक गळवतं ही समजूत आहे. ते गळती निर्माण करत नाही. सील आधीच कडक झालेला असतो आणि साचलेला मळ सुटला की फट उघडी पडते. सेमी-सिंथेटिक या शब्दाला ठरलेलं प्रमाण नाही, त्यामुळे त्यावर जास्त पैसे देऊ नका. 'हाय मायलेज' असं लिहिलेली ऑइलं दिसतात. आपल्याकडे मायलेज म्हणजे गाडी लिटरला किती देते, म्हणून बरेच जण पेट्रोल वाचेल समजून घेतात. परदेशी अर्थाने मायलेज म्हणजे धावलेलं अंतर. त्यात सील मऊ ठेवणारे घटक असतात, वरच्या टोकाची जाडी असते, आणि एक-सव्वा लाख किलोमीटरनंतर घाम सुटल्यासारखी बारीक गळती असेल तर उपयोग होतो. रोज थेंब पडत असेल तर सील बदला.

फ्लशपासून, म्हणजे इंजिन आतून धुवायच्या रसायनापासून, दूर राहा. जुन्या इंजिनमधला मळ तुकड्यांनी सुटतो आणि चेंबरमधल्या जाळीत अडकतो, मग पंपाला ऑइलच मिळत नाही. मळ आहे असा संशय असेल तर चांगलं ऑइल दोन-तीन हजार किलोमीटरला एकदा बदला, मग पुन्हा एकदा. ऑइल स्वतःच हळूहळू धुतं. बाटलीतल्या 'आवाज बंद करणाऱ्या' ॲडिटिव्हबद्दल मला बोलायचंच नाही.

बनावट ऑइल ही आपल्याकडची खरी अडचण. अधिकृत विक्रेता किंवा पेट्रोलपंप बरा, सील तुटलेला नको, कॅनवरचा बॅच आणि तारीख जुळवून बघा, क्यूआर असेल तर स्कॅन करा. रिकामा कॅन भंगारात देताना त्याला कटरने एक आडवी चीर द्या, म्हणजे परत भरला जात नाही.

बदलल्यानंतर

दर पाच-सात हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदला, रोजची गर्दी असेल तर पाचच्या बाजूने. सकाळी सुरू करून दोन-तीन मिनिटं रेस देत बसायची गरज नाही. पंधरा-वीस सेकंद आयडल, मग तापेपर्यंत हलक्या पायाने. थंड इंजिनला रेस दिली की पिस्टन स्लॅप आणखी आदळतो. काढलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, ते गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नका, ऑइल घेणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.

माझी गोष्ट तिथेच संपत नाही. मूळ फिल्टर आणि ५डब्ल्यू-३० ने चार सेकंदांचा खर्रर्र एका सेकंदाच्या आत आला. हजार किलोमीटरला ४०० मिलिलिटर जात होतं. म्हणजे ते माझ्या अर्ध्या लिटरच्या रेषेच्या आत होतं, पण उन्हाळा तोंडावर होता आणि घाट ठरलेले होते, म्हणून मार्चमध्ये ५डब्ल्यू-४० घातलं. मॅन्युअलच्या पट्टीत ते बसत होतं. आता ते २५० वर आलंय. टकटक मात्र आहे, दोन मिनिटं, पोकळ, पिस्टनची. स्क्रूड्रायव्हरने दुसऱ्या सिलिंडरपर्यंत पोहोचलो, इंजेक्टर काढला की मऊ होते, तापली की जाते. बोअर काम न करता मी ती सोडून दिली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं, "डिझेल नाही घेतली." त्या म्हणाल्या, "मग जरा उशिरा निघत जा ना."